लकव्यानंतर हात कामाला लावताना

दवाखान्यातून सुटी मिळाली, गाडी खोपोलीच्या शिळफाट्यावरून वळून घराशी आली, की हाताचे खरे काम सुरू होते. पक्षाघातात, म्हणजे लकव्यात, मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अडतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटते. हाताचे स्नायू जागेवर असतात, त्यांना मेंदूकडून आज्ञा पोहोचत नाही. मेंदूचे उरलेले भाग ते काम शिकू शकतात, पण ते सरावानेच. नुसत्या तेलमालिशीने हालचाल परतत नाही.

आधी खांदा सांभाळा. सुरुवातीला हात लुळा असतो आणि त्याच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली सरकतो. घरची माणसे रुग्णाला त्याच हाताला धरून उठवतात. माझ्या मते सर्वात जास्त नुकसान इथेच होते, कारण खांदा दुखायला लागला की रुग्ण व्यायामच नाकारतो. उठवताना पाठीला आणि कमरेला आधार द्या. बसल्यावर हाताखाली उशी ठेवा. दोरी-कप्पीने हात वर खेचू नका.

मग रोज प्रत्येक सांधा आपण हलकेच हलवायचा. रुग्णाने हाताकडे बघत स्वतःही प्रयत्न करायचा.

थोडी हालचाल आली, की बरेच जण मऊ चेंडू दाबायला देतात. पण लकव्यात बोटे बहुधा मिटलेलीच आखडतात. अडते ते उघडणे. म्हणून पेला पकडून सोडणे, फडक्याने टेबल पुसणे, शेंगा निवडणे अशी कामे द्या. दहा-वीस वेळा करून भागत नाही, दिवसभरात शेकडो वेळा व्हावे लागते.

पुढची अडचण मायेची आहे. घरचे भरवतात, बटणे लावून देतात, उरलेले चांगला हात करतो आणि दुबळा हात वापरातून जातो. यावर अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांनी उपचार रुजवला: चांगल्या हातावर मोजा चढवायचा आणि दुबळ्याकडून काम करून घ्यायचे. लकव्यानंतर 3 ते 9 महिने झालेल्या रुग्णांवरील तिथल्या मोठ्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता यायला हवीत. चालताना आणि चुलीजवळ मोजा नको. फिजिओथेरपिस्टला, म्हणजे व्यायामोपचार तज्ज्ञाला, विचारूनच हे करा.

मुंबईत हाजी अलीला 1955 पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. खोपोली लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठता येते. तिथे गेलात, तर घरी करायचे व्यायाम लिहूनच घ्या.

रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका, लकवा पुन्हा येऊ शकतो. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात अचानक गळला, तर लगेच 108 ला फोन करा.