साडेबारा सेंटांचा हिशेब

12½. अमेरिकेतली अल्पायुषी, विस्मरणात गेलेली नाणी जमवायची असतील तर सुरुवात या आकड्यापासून करावी. स्पॅनिश डॉलर आठ रेआलांचा होता. 1792च्या कायद्यानं अमेरिकेनं आपला डॉलर शंभर सेंटांचा केला, पण बाजारात रेआल चालतच राहिला. लोक त्याला ‘बिट’ म्हणत. शंभराला आठानं भागलं की साडेबारा येतात, म्हणजे एका बिटाच्या सौद्यात अर्धा सेंट कुठेतरी लटकलेला राहणारच. आपल्याकडे 1 एप्रिल 1957ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा चवलीची हीच गत झाली. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग, म्हणजे साडेबारा नवे पैसे. पावली मात्र पंचविसावर चपखल बसली आणि ‘चार आणे’ तोंडी राहिले. अमेरिकेत 25 सेंटांच्या नाण्याला ‘टू बिट्स’ म्हणतात, तेही याच हिशेबानं.

हा लटकलेला अर्धा सेंट भरून काढायला खरोखरच अर्ध्या सेंटचं नाणं होतं. 1793 ते 1857 या काळात ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पडलं. तांब्याचं, 23.5 मिलिमीटर व्यासाचं आणि 1795नंतर 5.44 ग्रॅम वजनाचं. इतक्या वर्षांत सारी मिळून सुमारे 80 लाख नाणी, आणि मधली कित्येक वर्षं तर कोरडीच गेली. 21 फेब्रुवारी 1857च्या कायद्यानं परदेशी नाण्यांची कायदेशीर मान्यता काढून घेतली आणि अर्धा सेंटही त्याच कायद्यात संपवला. रेआल गेला, तेव्हा त्याची मोड देणाऱ्या नाण्याचंही काम संपलं, असं सरकारनं धरलं. पश्चिमेकडच्या बाजारानं मात्र तसं धरलं नव्हतं. त्याकडे पुढे येतोच.

त्याआधी तीन सेंटांचं चांदीचं नाणं, कारण मला ते या सगळ्यांत हुशार वाटतं. 1851मध्ये पत्राचा टपालदर पाच सेंटांवरून तीनवर आला, आणि त्याच कायद्यात हे नाणं मंजूर झालं. व्यास 14 मिलिमीटर, वजन फक्त 0.80 ग्रॅम. बोटांत धरलं तर माशाचा खवला धरल्यासारखं वाटावं, आणि लोक त्याला तेच म्हणत. खरी गंमत चांदीत होती. इतर नाण्यांत 90 टक्के चांदी असे, यात 75. हिशेब मांडून पाहा. त्या काळच्या पाच सेंटांच्या चांदीच्या नाण्यात एका डॉलरमागे सुमारे 24 ग्रॅम शुद्ध चांदी पडत होती. तीन सेंटांच्या नाण्यात जेमतेम 20. कॅलिफोर्नियाच्या सोन्यामुळे चांदी महाग झाली होती आणि लोक बाकीची चांदीची नाणी वितळवत होते किंवा परदेशी धाडत होते. हे एकटं नाणं वितळवण्यात फायदा नव्हता, म्हणून तेच बाजारात राहिलं. 1852मध्ये ते 1,86,63,500 पडलं. 1853ला बाकीच्या लहान चांदीच्या नाण्यांचं वजन कमी करण्यात आलं, ती पुन्हा चालू लागली, आणि 1855चा आकडा 1,39,000वर घसरला. तीन वर्षांत शंभराला एकही उरलं नाही. पुढे यादवी युद्धात चांदी घरोघरी दडवली गेली आणि 1865मध्ये तीन सेंटांचंच निकेलमिश्रित नाणं आलं. टपालदर 1883मध्ये दोन सेंट झाला आणि त्याचाही आधार गेला.

दोन सेंटांचं नाणं युद्धातल्या सुट्या पैशांच्या टंचाईतलं. 1864मध्ये सुमारे 1 कोटी 98 लाख, 1872मध्ये 65,000, आणि 1873मध्ये केवळ संग्राहकांसाठी काढलेली चकचकीत प्रूफ नाणी. ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे शब्द प्रथम याच नाण्यावर आले. नव्या संग्राहकानं इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे: दहाच वर्षं, एकच टांकसाळ.

12 फेब्रुवारी 1873च्या कायद्यानं दोन सेंट, चांदीचे तीन सेंट आणि चांदीचे पाच सेंट ही तिन्ही नाणी एकदम बंद झाली. पूर्वेकडे पाच सेंटांचं निकेलचं नाणं होतं, त्यामुळे अडलं नाही. पश्चिमेत तांब्या-निकेलची नाणी फारशी फिरतच नव्हती. तिथे किमती अजून बिटांत सांगत. एका बिटाची वस्तू घेतली आणि 25चं नाणं दिलं की दुकानदार दहा सेंट परत करी. गिऱ्हाइकाचे 15 गेले. साडेबारावर अडीच सेंट म्हणजे सरळ वीस टक्के जास्त. पाच सेंटांची वस्तू घेतली, तर वीस परत द्यायला दहाची दोन नाणी हाताशी हवीत.

यावर नेवाडाचे सिनेटर जॉन पी. जोन्स यांनी 20 सेंटांच्या नाण्याचा उपाय काढला. नेवाडात चांदीच्या खाणी होत्या, हेही इथे विसरून चालणार नाही. 1875मध्ये कायदा झाला. वजन 5 ग्रॅम, व्यास 22 मिलिमीटर, म्हणजे आपल्या 2011च्या मालिकेतल्या रुपयाएवढा. 25 सेंटांचं नाणं 6.25 ग्रॅम आणि 24.3 मिलिमीटरचं. फरक 2.3 मिलिमीटरचा. दोन्हींवर एका बाजूला बसलेली स्वातंत्र्यदेवता, दुसऱ्या बाजूला गरुड. वीसची कड गुळगुळीत, पंचविसाची दातेरी. पण गल्ल्यावर घाईत असलेला माणूस कड चाचपून पाहत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्याच वर्षी 11,55,000 नाणी पडली. साऱ्या वर्षांची चलनी नाणी साडेतेरा लाख धरली, तर शंभरातली 85 या एकाच खेपेची. 1877 आणि 1878ला फक्त प्रूफ, आणि मे 1878मध्ये नाणं कायद्यानं संपलं.

सुमारे एका शतकानं, 1979मध्ये, सुझन बी. अँथनीचं चित्र असलेला डॉलर आला. त्याचा व्यास 26.5 मिलिमीटर, 25 सेंटांपेक्षा 2.2नं जास्त. त्या एका वर्षात 75 कोटींहून अधिक नाणी पाडली आणि लोकांनी तीही पंचविसाशी घोळ होतो म्हणून नाकारली. टांकसाळीच्याच दप्तरात हा धडा शंभर वर्षं पडून होता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वीस सेंट हातात आलं तर देवतेजवळच्या ढालीकडे भिंग धरावं. ‘लिबर्टी’ ही अक्षरं या नाण्यावर उठावाची आहेत; 25च्या नाण्यावर ती खोल कोरलेली असतात. उठावाची अक्षरं आधी झिजतात, म्हणून बाकी चेहरामोहरा शाबूत असतानाही ढाल कोरी झालेली दिसते. किती नाणी पडली यापेक्षा किती उरली आणि कशी उरली, हे संग्राहकानं आधी बघावं. 1876मध्ये कार्सन सिटीच्या टांकसाळीत 10,000 वीस सेंट पडले. 1877मध्ये तिथे शिल्लक असलेली 12,359 वीस सेंटांची नाणी वितळवायचा हुकूम आला आणि 1876ची जवळपास सगळी त्यात गेली. आज वीसच्या आसपास माहीत आहेत. चांदीचा कस तपासण्यासाठी टांकसाळी काही नाणी फिलाडेल्फियाला पाठवत, आणि या वीसांतली बरीचशी त्या पुडक्यातून वाचली असावीत असं मानलं जातं.