हेलियम, विजयदुर्ग आणि तीस वर्षांची गल्लत

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरील काही ओट्यांना परिसरातील लोक ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी येथे उपकरणे मांडली आणि हेलियम वायूचा शोध लावला, अशी कथा सांगितली जाते. अलीकडच्या वर्षांत त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होऊ लागला आहे. किल्ला खरा, साहेब खरे, ग्रहणही खरे. मात्र त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते.

१८६८च्या ग्रहणाची सावली कोकणकिनाऱ्यावरून भारतात शिरून पूर्व किनाऱ्याकडे गेली. तिच्या वाटेवर निरीक्षकांचे तळ पडले होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन, तर वनपर्तीला त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी. ग्रहणकाळात सूर्यबिंबाच्या कडेवर दिसणाऱ्या लालसर ज्वाला नेमक्या कशाच्या, हा सर्वांपुढील प्रश्न होता. वर्णपटदर्शक हे त्यासाठीचे नवे साधन. तप्त वायूचा प्रकाश लोलकातून पाहिला की ठरावीक रंगांच्या तेजस्वी रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा निराळ्या असतात. ज्वालांच्या प्रकाशात अशाच रेषा दिसल्या. ज्वाला म्हणजे तप्त वायू, त्यातही प्रामुख्याने हायड्रोजन, हे त्या काही मिनिटांत निश्चित झाले.

त्यात एक पिवळी रेषाही होती. अनेकांनी ती सोडियमची मानली, कारण सोडियमच्या दोन ठळक पिवळ्या रेषा तिच्या अगदी जवळ, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतात. ही रेषा त्यांच्याशी तंतोतंत जुळत नसल्याची नोंद पॉगसन यांनी केली होती; परंतु त्यांच्या अहवालाकडे युरोपात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जान्सेन यांना वेगळीच गोष्ट सुचली. रेषा एवढ्या तेजस्वी होत्या की ग्रहणाविनाही त्या दिसायला हव्यात, असा त्यांचा तर्क होता. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी गुंटूरहून तो खरा करून दाखवला.

भारतातील या घडामोडीची कल्पना नसलेल्या लॉकयर यांनी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात आकाश न्याहाळणारा हा माणूस. जान्सेन यांचे पत्र आणि लॉकयर यांच्या कामाची वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. योगायोग इतका विलक्षण की पुढे फ्रान्समध्ये दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढण्यात आले.

पिवळ्या रेषेचा पाठपुरावा मात्र लॉकयर यांनीच केला. तिची जागा सुमारे ५८७.५ नॅनोमीटर, म्हणजे ती सोडियमची नव्हे. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब-तापमानाचे प्रयोग केले. रेषा उमटली नाही. मग सूर्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे, या विचाराला बळ मिळाले आणि सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम नाव पडले. पृथ्वीवर कोणी न पाहिलेल्या पदार्थावर पाव शतक अनेकांचा विश्वास बसला नाही. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजापासून मिळवलेल्या वायूत तीच रेषा दिसली, तेव्हा वाद मिटला.

त्यामुळे शोधाला एकच तारीख आणि एकच गाव चिकटवणे अवघड आहे. ‘हेलियमचा शोध गुंटूरला लागला’ हे विधानही अर्धेच खरे. जान्सेन यांनी तेथे नव्या मूलद्रव्याचा दावा केला नव्हता.

मग विजयदुर्गचे काय? लॉकयर तेथे आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी किल्ल्यावर तळ ठोकला आणि ‘मेलपोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना उपकरणे हाताळायला शिकवून निरीक्षणाच्या कामाला लावले. साहेबाच्या ओट्यांचे नाते जुळते ते या मोहिमेशी. हेलियम तोवर प्रयोगशाळेत येऊन जवळपास तीन वर्षे झाली होती. लॉकयर यांना हवी होती ती सूर्याच्या वर्णगोलाच्या, म्हणजे दृश्य पृष्ठभागालगतच्या वायुथराच्या, वर्णपटाची छायाचित्रे.

विजयदुर्गच्या गाजावाजात त्याच दिवशीचा दुसरा तळ विस्मरणात गेला आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपली स्वतंत्र मोहीम नेली होती आणि ग्रहणाच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. ती वेधशाळा पुढे बंद झाली. तिची मोठी दुर्बीण १९१२ मध्ये कोडाईकनालला हलवण्यात आली.