गरम गाडी चालू होईना

आमच्या आळ्याला रेडा समाधीची जत्रा चैत्रात भरते. ऊन तेव्हा तापायला लागलेलं असतं, आणि यंदा त्या उन्हानंच आमच्या जुन्या टाटा ४०७ ट्रकचं दुखणं बाहेर काढलं. पहाटे गार असताना गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरून आळेफाट्यावर आली, भाऊ चहाला उतरला, की पुन्हा चालू होता होता बॅटरी बसायची वेळ यायची. अर्धा तास थांबलं, इंजिन निवलं, की परत ठीक.

मोटारसायकल असती तर कार्ब्युरेटर खोलून साफ केला असता. डिझेलच्या ट्रकला तो नसतो. सिलिंडरमध्ये नुसती हवा दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणी तीत मोजून डिझेल फवारायचं. मोजणं आणि दाबणं पंपाचं काम, फवारणं नोझलचं. ४०७ ही टाटांनी १९८६ साली आणलेली गाडी. आमच्या जुन्या इंजिनाला चार सिलिंडर, म्हणून पंपात चार एलिमेंट.

भाऊ म्हणाला, पंपच नवा टाकू. वडिलांच्या मते नुसती नोझलं बदलून भागलं असतं. फाट्यावरच्या पंपवाल्या मिस्त्रींनी दोघांचंही ऐकून घेतलं. “आण्णा, आधी खोलू तरी. पैसे कुठं घालायचे ते मग ठरवा.”

पहिल्यांदा नोझलं. टेस्टरवर एकेक लावून मिस्त्रींनी हातानं दांडा दाबला. तीन नोझलांतून करकरत धुकं सुटलं. चौथ्याच्या टोकाशी दरवेळी थेंब लोंबायचा. असा थेंब नीट जळत नाही, त्याचा काळा धूर होतो. आमची गाडी धूरही सोडायची, त्याचं कारण सापडलं. पण गरम झाल्यावर चालू न होण्याचं कारण दुसरंच होतं. पंपाच्या खालच्या खोलीतलं तेल काढलं, तर ते पातळ, डिझेलचा वास मारणारं. वरचं डिझेल एलिमेंटच्या फटीतून खाली उतरत होतं.

एलिमेंट म्हणजे बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या जाडीपुढे काहीच नाही. ही जोडी एकमेकांत घासूनच जुळवलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नाही. म्हणून धुताना मिस्त्रींनी चारही जोड्या वेगळ्या वाट्यांत ठेवल्या. मग बॅरल तिरपं धरून, डिझेलात बुडवलेला प्लंजर थोडा वर ओढून सोडला. चांगला असेल तर तो आपल्या वजनानं सावकाश सरकत खाली जातो. आमचे दोन सटकन खाली आले. उन्हाकडे धरल्यावर त्यांच्या वरच्या कडेजवळ धुरकट पट्टा दिसला. बाकीचा प्लंजर आरशासारखा. गार, दाट डिझेल ही झीज झाकून घ्यायचं. तापून पातळ झालं की सेल्फच्या संथ फेऱ्यांत दाब बनायच्या आत निसटायचं.

मिस्त्रींनी दोष दिला आजच्या कोरड्या डिझेलला. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या वर चालत नाही, आणि गंधक काढताना त्याचा ओशटपणा जातो हे खरं. पण तो भरून काढणारं द्रव्य त्यात मिसळलेलं असतं. तो धुरकट पट्टा मला धुळीचा वाटतो. आम्ही कित्येक वर्षं ट्रॅक्टरसाठी मळ्यात ठेवलेल्या बॅरलमधून गाडीत डिझेल ओतत आलो, फिल्टरही वेळेवर बदलला नाही. ही चूक आमची.

निर्णय यानंतरच झाला. बॉडीला तडा नव्हता, आत गंज नव्हता, कॅमशाफ्ट हातानं हलवून पाहिली तर बेअरिंगला ढिलाई नव्हती. यातलं काही गेलं असतं तर मी भावाच्या बाजूनं बोललो असतो, कारण मग नवे एलिमेंटही लवकर खराब होतात. भंगारातून जुळणारा पंप आणायचा सल्लाही एकानं दिला. तो मला मुळीच पटला नाही. आपल्या पंपाचं दुखणं निदान माहीत आहे, त्या पंपानं कुठलं पाणी प्यायलंय कोण सांगणार! चारही एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, सील आणि ते एक नोझल नवं टाकायचं ठरलं. दोनच एलिमेंट बदलले तर चार सिलिंडरना सारखं डिझेल जात नाही.

कॅलिब्रेशनला मी मुद्दाम थांबलो. पंप बेंचवर चढवला, मोटर त्याला फिरवू लागली आणि समोरच्या चार काचेच्या नळ्यांत तेल चढू लागलं. ठरावीक फेऱ्यांना बेंच थांबायचं. मिस्त्री डोळा पातळीला आणून वाचायचे. तिसरी नळी थोडी मागे होती. त्यांनी एक स्क्रू सैल केला, प्लंजर फिरवणारी बाही केसभर सरकवली, पुन्हा चालवलं. असं कितीदा तरी. भाऊ म्हणाला, “जरा डिझेल वाढवून द्या, घाटात पिकअप येईल.” मिस्त्रींनी मान हलवली. “दादा, धूर येईल. पिस्टन गेला तर परत माझ्याकडंच याल.” चारही पातळ्या जुळल्यावर त्यांनी वरच्या स्क्रूला तार ओवून शिसं दाबलं.

पंप बसवला, टायमिंग जुळवलं, हवा काढली. भर दुपारी आम्ही ओतूरपर्यंत गाडी पळवली आणि हात टेकवत नाही इतकी तापलेली असताना बंद केली. वडील खाली उतरून उभे राहिले. भावानं चावी फिरवली. दुसऱ्या फेरीला इंजिन लागलं.

नव्या फिल्टरवर मिस्त्रींनी ऑइलपेंटनं किलोमीटर लिहून दिले होते. संध्याकाळी भावानं मळ्यातलं बॅरल उपडं केलं. तळाला बोटभर गाळ होता.