कान आपलाच, पण परका

मागच्या भागात माझ्या फेसलिफ्टबद्दल बोलले, त्यात एक गोष्ट राहूनच गेली. मला भीती दुखण्याची होती. दुखलं फारसं नाही, घाबरवलं ते कानाच्या पाळीने. फोन लावला तर लाकडाला लावल्यासारखा. एकदा कुडी निसटून पडली, तेही कळलं नाही.

मानेतून एक नस वर येते, रक्ताची नव्हे, संवेदनेची. पाळी आणि जबड्याच्या कोपऱ्यावरची त्वचा तिच्यामुळे स्पर्श ओळखते. शस्त्रक्रियेत त्वचा उचलताना तिचे बारीक धागे ताणले जातात, काही तुटतात. ते परत वाढतात दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणून महिने लागतात. मध्येच सुया टोचतात, खाज सुटते. खाजवायला जावं तर बोटाला गाल लागतो, गालाला बोट लागत नाही! नसेवर टिचकी मारली की पुढे मुंग्या येतात, हे तिनेल या फ्रेंच डॉक्टरांनी 1915 साली लिहून ठेवलंय. या मुंग्या बहुधा नस वाढत असल्याची खूण.

माझी चूक सांगते. थंडीत गरम पाण्याची पिशवी गालाला लावली. चटका कळलाच नाही, फोड आरशात दिसला. बधिर भागाला शेक नकोच, हेअर ड्रायरही लांबून.

मात्र पहिल्या दिवसांत एकच बाजू अचानक फुगून ठणकू लागली, किंवा ओठ-भुवई हलेना, तर रात्री-अपरात्रीही सर्जनना फोन करा.

माझ्या पाळीला सातव्या महिन्यात कुडीची फिरकी गार लागली.