पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाला 'अजून दोन घास खा' असा आग्रह का करू नये?

ऑपरेशननंतर पेशंट घरी येतो, तेव्हा त्याचं वजन उतरलेलं असतं. मग ताकद यावी म्हणून कुणी डिंकाचे लाडू आणतं, कुणी तुपातला शिरा करतं. नेमका त्याचाच अनेकदा त्रास होतो.

असं का होतं?

जठर अन्न साठवतं, घुसळतं आणि थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडतं. ऑपरेशनमध्ये जठराचा काही भाग किंवा संपूर्ण जठर काढतात. त्यामुळे अन्न, विशेषतः गोड पदार्थ, एकदम आतड्यात उतरतात. जेवल्यावर अर्ध्या तासात पोटात कळ, मळमळ, धडधड, जुलाब सुरू होतात. याला 'डम्पिंग सिंड्रोम' म्हणतात.

काहींना १ ते ३ तासांनी घाम फुटतो, हात थरथरतात. गोड खाल्ल्यावर रक्तातली साखर झटकन वाढते, शरीर जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर एकदम खाली येते.

मग जेवण कसं द्यायचं?

- दोन वेळच्या ताटाऐवजी दिवसातून ६ ते ८ वेळा, वाटीभरच.
- प्रत्येक वेळी थोडं प्रथिन हवं: मुगाचं घट्ट वरण, अंडं, पनीर, उकडलेला मासा.
- पाणी, ताक, चहा जेवताना नको. जेवणाआधी किंवा नंतर साधारण अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.
- साखर, गूळ, सरबत, फळांचे रस टाळा.
- घास बारीक चावून, सावकाश खाऊ द्या. जेवल्यावर लगेच आडवं झोपू देऊ नका.

नवा पदार्थ एका वेळी एकच द्या. काय खाल्लं आणि काय झालं, हे वहीत लिहा. पुढच्या तपासणीत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना ही वही उपयोगी पडते.

बी१२ विसरू नका

अन्नातलं बी१२ शोषायला लागणारा एक घटक जठरात तयार होतो. संपूर्ण जठर काढलं असेल, तर बी१२ बाहेरून आयुष्यभर घ्यावं लागतं, बहुतेकदा इंजेक्शनने. लोह आणि कॅल्शियमही कमी पडू शकतं.

सतत उलट्या, ताप, गिळताना अडकणं, काळी शौच किंवा वजन घटतच राहणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टरांना गाठा. पेशंटला डायबिटीस असेल, तर आहार त्यांना विचारूनच ठरवा.

आणि वाटीत अन्न उरलं म्हणून रागावू नका. पेशंट नखरे करत नाही, त्याच्या पोटात आता तेवढी जागाच नाही. दोन तासांनी पुन्हा विचारा.