वरणभाताचा काय दोष?

"अरे, तुला तर वरणभात किती आवडायचा!" केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येतं. दांडिया बाजारातून गोरजच्या कैलाश कॅन्सर हॉस्पिटलला निघायचं, औषध कडक, म्हणून आई सकाळीच त्याच्या आवडीचं पोटभर भरवते. माया आहे ती, पण नेमकं इथेच फसतं.

औषधानंतर मळमळतं, उलटी होते. शरीराला औषध-बिवध कळत नाही. ते दोष देतं शेवटी खाल्लेल्या पदार्थाला. आयलीन बर्नस्टाईन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1978 साली अमेरिकेत हे तपासलं. पोट ढवळणाऱ्या केमोच्या आधी मुलांना एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर तेच पुढे केलं तर बरीच मुलं नको म्हणाली. आइस्क्रीमला नको! 1987 च्या अभ्यासात जेवण आणि औषध यांच्या मध्ये वेगळ्याच चवीची गोळी चघळायला दिली, तेव्हा जेवणावरची नावड कमी झाली. आळ गोळीवर गेला, जेवण सुटलं.

म्हणजे केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ करायचाच नाही. साधं, हलकं काहीतरी द्यावं आणि वरणभात बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवावा. (काही तपासण्यांना उपाशीपोटीच न्यावं लागतं, ते आधी डॉक्टरांना विचारायचं.)

नकाराची कारणं अजूनही असतात. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, गरम काहीच सोसत नाही. तेव्हा गार दही घालून मऊ भात, नाचणीची पेज, शिरा. उलट ल्युकेमियात स्टेरॉइड चालू असलं की तेच मूल रात्री दोन वाजता उठून खायला मागतं. तो हट्ट नव्हे, खरी भूक असते. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर मात्र घरचं ताजं, नीट शिजवलेलंच द्यायचं. बडोद्याच्या पोराला सेव उसळ नाही म्हणणं अवघड, पण गाडीवरचा कच्चा कांदा आणि चटणी तेव्हा नकोच.

आणि वजन उतरतच राहिलं तर डॉक्टर नाकातून पोटात नळी घालायचं सुचवतात. घरचे घाबरतात, "एवढं वाईट झालं का?" म्हणतात. तसं नसतं. पोटात अन्न जातं, जिभेला चव कळत नाही, आणि प्रत्येक घासावरून होणारी आई-मुलाची भांडणं तेवढे दिवस थांबतात.