अस्थिभंग आणि पडणे : ग्रामीण वृद्धांमधील जोखीम घटक

प्रस्तावना :
दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या गावात एखादी वृद्धा न्हाणीत पाय घसरून पडते, खुबा मोडतो आणि ती अंथरुणाला खिळते. ‘वय झाले’ असे म्हणून या घटनेची बोळवण केली जाते. वास्तविक अशा अस्थिभंगाची जोखीम बऱ्याच अंशी आधीच ओळखता येते. प्रस्तुत लेखात या जोखीम घटकांचा विचार केला आहे.

हाडांशी संबंधित घटक :
हाडांची घनता घटून ती ठिसूळ होणे म्हणजे अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार घनता तरुण स्त्रियांच्या सरासरीहून २.५ प्रमाण विचलने किंवा त्याहून अधिक कमी असल्यास हा विकार मानला जातो. घनता मोजणारे डेक्सा यंत्र खेड्यात सहसा नसते. तथापि वाढते वय, रजोनिवृत्ती, कमी वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, अतिमद्यपान आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हे घटक केवळ विचारपूस करून समजतात. शेफिल्ड विद्यापीठाची २००८ मधील ‘फ्रॅक्स’ पद्धती प्रामुख्याने अशाच माहितीवरून पुढील १० वर्षांतील अस्थिभंगाची शक्यता काढते.

पडण्याशी संबंधित घटक :
मूळ फ्रॅक्समध्ये पडण्याचा इतिहास विचारात घेतलेला नाही. खुब्याचे बहुतेक अस्थिभंग मात्र पडल्यामुळेच होतात. मोतीबिंदू, पायांतील अशक्तपणा, मधुमेहामुळे आलेली बधिरता, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी येणारी भोवळ ही पडण्याची शारीरिक कारणे होत. ओली फरशी, उंच उंबरा, अपुरा उजेड व रात्री शौचासाठी अंगणात जाणे ही घरातील कारणे होत. वर्षभरात एकदा पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते.

समारोप :
शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू येथे २००७ च्या सुमारास पन्नाशीपुढील व्यक्तींच्या आरोग्याचा प्रश्नावलीद्वारे अभ्यास झाला. खेड्यातील वृद्धांची माहिती अशा रीतीने घरोघरी मिळवता येते, हे त्यावरून दिसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थी तीन प्रश्न सहज विचारू शकतात : वर्षभरात पडलात का? पन्नाशीनंतर हाड मोडले का? कोणत्या गोळ्या चालू आहेत? किरकोळ पडण्याने मोडलेले मनगट ही पूर्वसूचना असते. तेव्हाच वैद्यकीय तपासणी, पुरेसे कॅल्शियम व प्रथिने, व्यायाम आणि न्हाणीत धरण्यास दांडी यांची व्यवस्था झाल्यास पुढे खुबा मोडण्याचा धोका कमी करता येतो.